तिला विचारलं होतं का?

या वेळचं संपादकीय लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर एक छापील फॉर्म आला. काही वर्षांपूर्वी मी एका आधारगृहात समुपदेशक होते. पोलिसांनी छापा घालून सोडवून आणलेली एक बांगलादेशी मुलगी तिथे होती. वय बावीस-तेवीस. तिच्या परतीच्या कागदांत एक रकाना होता : ‘मायदेशी जाण्यास इच्छुक आहे / नाही’. मी तिला विचारलं. ती म्हणाली, “आपा, घरी कोण घेणार मला? आणि इथे तरी कोण ठेवणार?” एवढं लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती. मी ‘इच्छुक आहे’वर खूण केली. काही महिन्यांनी ती गेली. तिची चिठ्ठी कधी आली नाही. ती खूण मला अजून टोचते.

म्हणूनच या अंकात ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा विषय घ्यायचं आम्ही ठरवलं. ‘हा विषय राजदूतांचा आणि सेनापतींचा, त्यात बायकांचं काय काम?’ असा प्रश्न आपल्याच बैठकीत आला. प्रश्न रास्त आहे, कारण हे शास्त्र शिकवलंच तसं जातं. हान्स मॉर्गेन्थाऊ यांचं १९४८ सालचं ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ हे या शास्त्रातलं गाजलेलं पुस्तक. राष्ट्रं सत्तेच्या भाषेत आपलं हित पाहतात आणि माणसांना लावायची नीती राष्ट्रांना जशीच्या तशी लावता येत नाही, अशी त्याची मांडणी. जणू राष्ट्र म्हणजे एक कर्ता पुरुषच! त्याला हित असतं, अब्रू असते, शेजाऱ्याचा संशय असतो.

या चित्रावर १९८८ मध्ये अ‍ॅन टिकनर यांनी बोट ठेवलं. माणसाचा स्वभाव म्हणून जे सांगितलं जातं ते पुरुषीपणाचं वर्णन आहे, असं त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी सिंथिया एन्लो यांनी विचारलं, या सगळ्या राजकारणात बायका कुठे आहेत? अलेक्झांडर वेन्ड्ट यांनी १९९२ मध्ये म्हटलं की राष्ट्रांचं हित आकाशातून पडत नाही. ‘आपण कोण, परके कोण’ हे ठरवतानाच ते घडतं. म्हणजे आधी अस्मिता, मग हित. आता ही ‘आपण कोण’ची रेघ नेमकी कुठे आखली जाते, ते आपल्याच इतिहासात पाहू.

१९४७ सालच्या फाळणीत हजारो स्त्रिया पळवल्या गेल्या. सरकारी अंदाज असा, की भारतात सुमारे ५०,००० मुस्लिम स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू-शीख स्त्रिया. काश्मीरमध्ये दोन्ही देशांची लढाई पेटलेली असताना डिसेंबर १९४७ मध्ये लाहोरला बैठक झाली आणि दोन्ही सरकारांचं एका गोष्टीवर एकमत झालं. १ मार्च १९४७ नंतर पळवलेल्या बायकांची धर्मांतरं मानायची नाहीत, त्यांना परत करायचं आणि त्यांची स्वतःची इच्छा विचारात घ्यायची नाही. शत्रुराष्ट्रं एकमेकांवर विश्वास टाकत नाहीत, असं पुस्तकं सांगतात. इथे टाकला! कारण बाई म्हणजे घराण्याची आणि राष्ट्राची अब्रू, याबद्दल दोघांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

डिसेंबर १९४९ मध्ये आपल्याकडे त्याचा कायदा झाला. मैत्रिणींनो, त्यातली व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. ‘अपहृत व्यक्ती’ म्हणजे १६ वर्षांखालचा मुलगा किंवा कुठल्याही वयाची स्त्री. मुलगा सोळाव्या वर्षी सज्ञान होतो. बाई चाळिशीची असली तरी नाही. १ मार्च १९४७ च्या आधी ती मुसलमान होती, आपल्या कुटुंबापासून तुटली आणि १ जानेवारी १९४९ च्या आधी परक्या घरात गेली, एवढं पुरे. त्या तारखेनंतर जन्मलेलं तिचं मूलही त्याच व्याख्येत. वाद झाला तर निर्णय नेहमीच्या कोर्टाचा नाही, सरकारने नेमलेल्या न्यायाधिकरणाचा. १९५२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा स्त्रीला ताब्यात घेणं ही राज्यघटनेच्या कलम २२ मधली ‘अटक’ नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. हा कायदा १९५७ पर्यंत चालला. दोन्हीकडून मिळून सुमारे ३०,००० स्त्रिया परत आणल्या गेल्या.

रितू मेनन-कमला भसीन आणि उर्वशी बुटालिया यांनी १९९८ मध्ये आपापल्या पुस्तकांतून ही कहाणी त्या बायकांच्या तोंडून आणली. त्यातून दिसतं ते असं : आम्ही सर्वधर्मसमभावी, असं सांगणाऱ्या राष्ट्रानेही बाईची वेळ आली तेव्हा तिचं ‘घर’ धर्मावरून ठरवलं. भारतात जन्मलेली, इथेच वाढलेली मुसलमान बाई पाकिस्तानची ठरली.

पण इथे थांबून चालणार नाही. हे काम करत होत्या त्या कोण? मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल, अनिस किडवाई : आपल्याच पूर्वसुरी. जीव धोक्यात घालून त्यांनी बायका शोधल्या. त्यातल्या कितीतरी खरोखर कैदेत होत्या, विकल्या गेल्या होत्या, घराकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यांच्यासाठी ही सुटकाच होती. पळवणाऱ्याच्या छपराखाली उभी राहून बाई ‘मी इथे सुखी आहे’ म्हणते, ते खरं कसं मानायचं, हा मृदुलाबेनच्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही. पण दुसऱ्या बाजूला रामेश्वरी नेहरू होत्या. बायकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध पुन्हा उपटून काढणं त्यांना पटलं नाही आणि १९४९ मध्ये त्या या कामातून बाहेर पडल्या. दोघींच्याही मनात करुणा होती. फरक एकाच गोष्टीचा : शेवटचा शब्द कोणाचा?

मला हा नीतीचा मूळ प्रश्न वाटतो. सोडवणं चूक नव्हतं. ‘सोडवलं आहे, आता विचारायची गरज काय?’ असं मानणं चूक होतं. आणि ही चूक १९५७ मध्ये संपली नाही. मानवी व्यापाराविरुद्ध २००० साली संयुक्त राष्ट्रांचा जो करार झाला, त्यात पीडितेची परतपाठवणी ‘शक्यतो’ स्वेच्छेची असावी, असं म्हटलं आहे. ‘शक्यतो’! २०१५ मध्ये भारत-बांगलादेश यांच्यातही याबाबत समझोता झाला. पण मुलगी कुठल्या देशाची, हे ठरवायला दोन सरकारं महिनोन्‌महिने कागद हलवतात आणि तिला काय हवं, हे विचारायला माझ्यासारखी एक कार्यकर्ती आणि एक रकाना.

मग आपण काय करायचं? सीमा आपल्या हातात नाहीत, पण पेन आहे. तिला एकटीला विचारू या, तिच्या भाषेत, आणि एकदाच नव्हे. पहिल्या दिवशीचं ‘हो’ भीतीचं असतं, महिन्यानंतरचं वेगळं असू शकतं. ती जे म्हणेल ते, गैरसोयीचं असलं तरी, तिच्याच शब्दांत लिहू या. रकाना अपुरा पडला तर मागे कागद जोडू या. आणि ‘इथे’ किंवा ‘तिथे’ याशिवाय तिसरं उत्तर देता यावं म्हणून तिच्या हाताला काम आणि गाठीला चार पैसे कसे येतील, ते पाहू या. पर्यायच नसेल, तर संमतीला काय अर्थ?

राष्ट्राची अस्मिता मोठी असेल. पण जी नीती एका बाईचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायला थांबत नाही, तिला मी तरी नीती म्हणणार नाही. तुमच्या कामात असे रकाने तुम्हीही भरले असतील. त्याबद्दल जरूर लिहा. पुढच्या अंकात आपण ते एकत्र वाचू.