घरचें दफ्तर

गतवर्षीं आमच्या घरीं एक संगणक बिघडला आणि आजोबांच्या जीर्ण पत्रांची एकमेव प्रत त्याबरोबर गेली. तेव्हांपासून आम्हीं एका जुन्या संगणकास घरचा सर्व्हर केलें आहे. सर्वजण आपले कागद, छायाचित्रें तेथें ठेवितात व हवीं तेव्हां घेतात. फाइली पाठविण्याची 'एफटीपी' पद्धत अभय भूषण यांनीं १९७१ सालीं मांडली. परंतु मूळ स्वरूपांत तींत परवलीचा शब्दहि पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जातो. यास्तव वाचकांनीं 'एसएफटीपी' योजावी; तींतील सारा व्यवहार गुप्त लिपींत होतो. प्रत्येकास निराळें खातें द्यावें. राउटरचें दार बाहेरच्या जगास उघडूं नये. शिवाय सर्व्हर हेंहि यंत्रच! म्हणून एक प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरीं, अवश्य ठेवावी.