पेव्हर ब्लॉकचं पाप

गुन्हा कबूल करून सुरुवात करतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय आला, मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकायचे का? चिखल होतो, डास होतात, पोरांचे पाय बरबटतात, असा काकू मंडळींचा जोर होता. मला बाईक लावायला जागा हवी होती. मी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर.

मागच्या जुलैत त्याच जागेत, त्याच बाईकच्या सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं. मेकॅनिकचं बिल देताना ट्यूब पेटली. पूर्वी तिथे चिखल व्हायचा, याचाच अर्थ पाणी जमिनीत मुरत होतं! ते आपण पैसे देऊन बंद केलं.

तर मुद्दा असा. पाणी तुंबलं की आपण सगळे एका सुरात महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. आणि मागणी काय करतो? मोठा पाइप टाका. माझ्या मते ही मागणीच चुकीची आहे. जेएनएनयूआरएमच्या काळात नाशिकमध्ये पावसाळी गटार योजना झाली, पाइप आले. तुंबणं थांबलं का? तुम्हीच सांगा.

आपलं पाणी शेवटी जातं कुठे? नासर्डी, वाघाडी, सरस्वती नाला आणि मग गंगेत. (गोदावरी म्हणायला हवं, पण नाशिककर गंगाच म्हणणार.) पाऊस मोठा असतो तेव्हा गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असतो आणि गंगा आधीच दुथडी भरलेली असते. २००८ च्या सप्टेंबरचा पूर बाबांनी मला हात धरून दाखवला होता, पाचवीत होतो तेव्हा. २०१६ आणि २०१९ चे ऑगस्ट तर सगळ्यांनाच आठवत असतील. दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला, यावर आपण पूर मोजतो. आता नदी इतकी वर आल्यावर तिच्यात उघडणारा पाइप दुप्पट रुंद केला तरी काय फरक पडणार? त्याचं तोंडच पाण्याखाली. पाणी मागे सरकणार आणि सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपुलाकडे चढणार. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर हँग झालाय आणि आपण केबल जाड करतोय. इथे केबल नको, बफर हवा.

थोडं गणित करू. एक किलोमीटर लांब, २४ मीटर रुंद रस्ता. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १२ लाख लिटर पाणी झालं. म्हणजे दहा हजार लिटरचे १२० टँकर, फक्त एका रस्त्यावर. काँक्रीटवर पडलेल्या पावसाचा बहुतेक सगळा भाग वाहून जातो. झाडं-गवत असलेल्या मोकळ्या मातीवरून त्याचा जेमतेम काही हिस्सा वाहतो. म्हणजे पाऊस तोच, पाणी कितीतरी जास्त. ही वाढ आभाळातून आलेली नाही, ती आपण जमिनीवर तयार केली.

याला उपाय म्हणून जे सांगतात त्याला ‘ग्रीन इन्फ्रास्ट्रक्चर’ असं भारदस्त नाव आहे, पण गोष्टी साध्या आहेत. आपले दुभाजक बघा. झाडं लावलेली, पण माती रस्त्यापेक्षा हातभर उंच! पाऊस पडला की पाणी आणि माती दोन्ही रस्त्यावर. तीच पट्टी रस्त्यापेक्षा खाली घ्या, कडेच्या दगडाला खाचा ठेवा, पाणी आपोआप आत उतरेल. बागेचा मधला भाग फूटभर खोल करा. तिथे पावसानंतर दिवसभर पाणी थांबलं तर कुणाचं बिघडतं? झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट थापू नका. नाल्याच्या काठावर बांधकाम होऊ देऊ नका.

आता आक्षेप. पहिला, आपली जमीन काळी, भिजली की फुगते आणि खाली बेसाल्टचा कातळ. पाणी मुरणार कसं? बरोबर आहे. म्हणून नुसता खड्डा खणून भागत नाही. वाळू मिसळलेली माती, खाली खडीचा थर आणि तळाशी जादा पाणी हळूहळू सोडणारा छोटा पाइप लागतो. सगळं पाणी मुरलं नाही तरी चालेल, ते दोन-चार तास थांबलं तरी पुष्कळ. दुसरा आक्षेप, यानं महापूर थांबेल का? नाही. चीननं ‘स्पंज सिटी’चा गाजावाजा केला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये तीच कल्पना राबवणाऱ्या झेंगझोऊमध्ये एका तासात २०० मिलिमीटर पाऊस पडून शहर बुडालं. धरणाचा विसर्ग बागेत मावणार नाही. पण दरवर्षी अर्ध्या तासाच्या सरीत आपली जी दैना होते, तिच्यासाठी महापुराकडे बोट दाखवणं ही शुद्ध पळवाट आहे.

खरी घाई वेगळीच आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते आणि घाटांवर अफाट पैसा ओतला जातोय. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि लोक रस्त्यावर उतरले. चांगलं झालं. पण न बोलता उघडी जमीन झाकली जाते, तिच्यासाठी कोण उतरणार? रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाशी एकदा आपण काँक्रीट ओतलंच होतं. नदीच्या तळाला काँक्रीट! ते काढा म्हणून गोदाप्रेमींना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि मग ते फोडायला पुन्हा पैसे लागले. आता ओतलेलं काँक्रीटही पुढची वीस-तीस वर्षं जागचं हलणार नाही.

म्हणून माझी मागणी पाइपाची नाही. रस्ता, पार्किंग, बाग, कुठल्याही कामाच्या टेंडरमध्ये एक ओळ सक्तीची करा: या जागेवर पडणाऱ्या पावसातलं किती लिटर पाणी इथेच थांबणार? उत्तर शून्य असेल तर फाइल परत पाठवा.

आणि हो, सुरुवात घरापासून. येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. भिंतीलगतच्या तीन रांगा पेव्हर उचलून तिथे खोलगट वाफा करायचा ठराव मी मांडणार आहे. चिखलावरून काकू माझी हजेरी घेणार हे नक्की. घेऊ दे. बाईक मी गेटबाहेर लावेन.