शंभर येनचे नाणे

टोकियोच्या इकेबुकुरो भागातील ‘सेगा’चे बहुमजली गेम सेंटर २० सप्टेंबर २०२१ च्या रात्री कायमचे बंद झाले. १९९३ पासून ते तेथे उभे होते. जागेचा करार संपला, एवढेच त्याचे व्यावहारिक कारण. परंतु त्या रात्री दारापुढच्या रस्त्यावर निरोप द्यावयास आलेल्यांची दाटी झाली होती. ज्या प्रकारच्या जागेला एके काळी पालक, शिक्षक आणि पोलीस वाया गेलेल्या मुलांचा अड्डा मानीत, तिला असा निरोप मिळावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

जपानमध्ये या केंद्रांचे वेड पसरले ते १९७८ साली. ‘तैतो’ कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी घडविलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ त्या वर्षी आला आणि कॉफीगृहांतील साध्या टेबलांची जागा काचेखाली पडदा असलेल्या यंत्रांनी घेतली. शंभर येनचे नाणे घालावे आणि वरून खाली सरकत येणाऱ्या परग्रहवासीयांच्या रांगा टिपाव्यात, एवढाच तो खेळ. या वेडापायी देशात शंभर येनच्या नाण्यांची टंचाई झाली अशी कथा आजही सांगितली जाते. तिला आधार नाही. पण अशी कथा रचली जावी, यातच त्या वेडाची कल्पना येते. मुले शाळा बुडवितात, पैशासाठी नको ते उद्योग करतात, अशी ओरड झाली. १९७९ मध्ये व्यावसायिकांनी स्वतःहून काही निर्बंध मान्य केले. १९८४ च्या दुरुस्तीने ही केंद्रे थेट रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यांना लागू असलेल्या कायद्याखाली आली. रात्री दहानंतर अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश बंद झाला. अनेक प्रांतांत सोळा वर्षांखालील मुलांना सायंकाळी सहानंतरच मज्जाव करण्यात आला.

परवाने पोलिसांकडून घ्यावे लागत असल्यामुळे केंद्रांची मोजदादही पोलिसांकडेच राहिली. १९८६ मध्ये देशात सुमारे २६ हजार केंद्रे होती. २०१९ मध्ये ती ४ हजारांच्या आसपास उरली. म्हणजे करोनाची साथ येण्यापूर्वीच हा व्यवसाय खिळखिळा झाला होता. पुढे २०२० च्या अखेरीस ‘सेगा’ने केंद्रे चालविणाऱ्या कंपनीतील ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा ‘गेन्दा’ या कंपनीस विकला आणि २०२२ मध्ये उरलेलाही देऊन टाकला. पाट्यांवरून ‘सेगा’ हे नाव पुसले गेले.

या ऱ्हासाचे नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे घरगुती यंत्रे. १९८३ मध्ये ‘निन्तेन्दो’चे ‘फॅमिकॉम’ आले, १९९४ मध्ये ‘प्लेस्टेशन’ आले, नंतर मोबाईल. हे खरेच आहे. पण दुसरे कारण त्या नाण्यातच दडलेले होते. १९७८ मध्ये एका डावाचे शंभर येन पडत. चार दशकांनंतरही बहुतेक यंत्रांवर शंभरच पडत राहिले. मध्यंतरी उपभोग कर आला. १९८९ मध्ये तो ३ टक्के होता, १९९७ मध्ये ५, २०१४ मध्ये ८ आणि ऑक्टोबर २०१९ पासून १० टक्के झाला. भाजीवाला असो वा पुस्तकविक्रेता, आपल्या किमतीत दोन-चार येनांची भर घालू शकतो. नाण्यावर चालणारे यंत्र एकशे दोन येन मागू शकत नाही, आणि शंभरानंतरचे नाणे एकदम पाचशेचे. कराचा सारा भार त्यामुळे केंद्रचालकाने सोसला. आज त्या शंभरातील सुमारे ९१ येनच त्याचे उरतात. त्यातूनच भाडे, वीज, पगार आणि दिवसेंदिवस महाग होत जाणारी यंत्रे. एखादा व्यवसाय काळाच्या ओघात बुडाला असे म्हणून हात झटकणे सोपे असते. कित्येकदा त्या ओघाचा पाट सरकारी धोरणाने काढून दिलेला असतो.

मग या केंद्रांबरोबर नेमके गेले काय? ही केंद्रे संस्कारकेंद्रे नव्हती, असे भाबडे चित्र कोणी रंगवू नये. तेथे कर्कश गोंगाट असे आणि कायद्याने एप्रिल २०२० मध्ये बंधन घालीपर्यंत सिगारेटचा धूर कोंदलेला असे. परंतु तेथे माणसे होती. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आल्यानंतर दोन यंत्रे पाठीला पाठ लावून जोडण्याची पद्धत रूढ झाली. पलीकडे कोण बसले आहे हे दिसत नसे. हरल्यावर मात्र उठावे लागे, आणि उठताना ज्याने हरविले तो दिसे. जिंकणाऱ्याचा डाव पुढे चालू राही, हरणाऱ्याचे नाणे जाई. मागे उभे असलेले शिकत, टोकत, दाद देत. अनेक केंद्रांत एक साधी वही ठेवलेली असे; येणारे जाणारे तीत एकमेकांसाठी निरोप, खेळातील खुब्या आणि चित्रे काढून ठेवीत. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चारचौघांदेखत हरणे आणि खिसा रिकामा झाला की मुकाट्याने घरी जाणे, ही तेथील शिस्त कोणी शिकवावी लागत नव्हती.

घरात आलेल्या खेळाला यांपैकी कोणताच लगाम उरला नाही. जपानच्याच कागावा प्रांताने १ एप्रिल २०२० पासून एक अध्यादेशवजा नियम लागू केला: अठरा वर्षांखालील मुलांनी शाळेच्या दिवशी साठ आणि सुटीच्या दिवशी नव्वद मिनिटांपेक्षा अधिक काळ खेळू नये, यावर पालकांनी लक्ष ठेवावे. शिक्षेची तरतूद नाही. त्याविरुद्ध एक विद्यार्थी न्यायालयात गेला. २०२२ मध्ये ताकामात्सुच्या न्यायालयाने नियम वैध ठरविला. पण वैध ठरलेला नियम पाळून घ्यावयाचा कोणी? गेम सेंटरला दार होते, दारात घड्याळ पाहणारा माणूस होता आणि त्याच्यावर परवान्याची टांगती तलवार होती. निजावयाच्या खोलीत यांतले काही नाही. ज्या समाजाने रस्त्यावरच्या खेळावर इतका कडक पहारा बसविला, त्यानेच तो खेळ पांघरुणात शिरताना अडविला नाही.

आणि पैसा? नाण्याचा अंत दिसत असे. मोबाईलवरील खेळांनी ‘गाचा’ नावाचा प्रकार रुजविला, ज्यात पैसे भरावयाचे आणि कोणती वस्तू हाती लागेल हे नशिबावर सोडावयाचे. ठरावीक वस्तूंचा संपूर्ण संच जमविला तरच बक्षीस, हा त्याचा सर्वांत लोभी अवतार जपानच्या ग्राहक यंत्रणेला २०१२ मध्ये बेकायदा ठरवावा लागला. मूळ प्रकार मात्र चालूच आहे. शंभर येनच्या यंत्राला पोलिसांच्या कायद्यात बसविणाऱ्यांना हा जुगार ओळखावयास वेळ लागला खरा.

भारतातही याहून निराळे घडलेले नाही. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यातील व्हिडीओ गेम पार्लरकडे घरोघरी संशयाने पाहिले जाई. पुढे पार्लर ओसरली, खेळ हातातल्या फोनमध्ये आला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव ‘पबजी’वर बंदी घातली, ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने संमत केला. हा कायदा आवश्यकच होता. मात्र मुलांनी एकत्र जमून खेळावे अशी जागा कोणत्याही कायद्याने निर्माण होत नाही. ती वस्तीतल्या मोठ्यांनी राखावी लागते, आणि मैदानांचे भूखंड होत असताना मोठी माणसे गप्पच होती.

जपानमध्ये आज जी गेम सेंटर तगून आहेत, त्यांच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग काचेच्या पेटीतील खेळणी पंजाने उचलावयाच्या यंत्रांतून येतो. दर्शनी मजल्यावर ओळीने त्याच पेट्या दिसतात. पाठीला पाठ लावलेली यंत्रे कोठे असलीच, तर वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. तेथेही समोरचा खेळाडू आता पुष्कळदा जाळ्यावरून जोडलेला, दुसऱ्या शहरातला असतो, आणि उठताना पलीकडची खुर्ची रिकामी दिसते.