आतली खबर

कोंबडबाजारातील पैजा आणि सट्टापट्टी आपल्या वैनगंगेकाठी नव्या नाहीत. अलीकडे मात्र रुग्णांचे आप्त वेगळीच तक्रार सांगतात. सत्तरीचे वडील रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर सामन्यांवर पैसे लावतात, अडवले तर म्हणतात, "मला आतली खबर आहे."

आतली खबर खरोखरच असते. पण ती आपल्यापर्यंत येत नाही. २०१३ च्या आयपीएलमध्ये चेन्नई संघाशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. सट्टा लावल्याचा व संघाची माहिती बाहेर दिल्याचा ठपका मुद्गल समितीने ठेवला. २०१५ मध्ये लोढा समितीने त्यांच्यावर आजीव बंदी घातली.

वैद्य म्हणून मला अमेरिकेतील बास्केटबॉलचे उदाहरण अधिक अस्वस्थ करते. जॉन्टे पोर्टर या खेळाडूने स्वतःच्या प्रकृतीची गोपनीय माहिती एका सट्टेबाजास पुरविली. २० मार्च २०२४ च्या सामन्यात आजारपण सांगून तो काही मिनिटांतच मैदानाबाहेर गेला. त्याची कामगिरी खालावेल, या अंदाजावर ८० हजार डॉलरची पैज लागलेली होती! पैजेच्या कंपनीला संशय आल्याने ती रक्कम चुकती झाली नाही आणि एप्रिलमध्ये एनबीएने पोर्टरला कायमचे बाद केले. घरी बसून आकडेमोड करणाऱ्या आजोबांची गाठ अशा माणसांशी असते.

आता एक गोष्ट, जी घरातल्यांना सहसा ठाऊक नसते. कंपवातावरील प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे मेंदूतील डोपामिनची क्रिया वाढवितात. त्यामुळे काही रुग्णांत जुगाराची, खरेदीची वा खाण्याची अनावर ओढ निर्माण होते. जन्मभर पै-पै जपणारा गृहस्थ एकाएकी पैजा लावू लागला, तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी औषधाची चिठ्ठी पाहावी आणि ते केव्हा सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली, हे टिपून ठेवावे. लाजेपोटी रुग्ण हे स्वतः क्वचितच सांगतो. म्हणून विचारावे लागते, आणि तेही चारचौघांत नव्हे.

असे औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये. शरीर ताठरते, कधी प्रकृती गंभीर होते. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे डॉक्टरांनीच ठरवावे. पुष्कळदा ओढ त्यानंतर ओसरते. औषधाचा संबंध नसेल, तरी जुगाराचे व्यसन हा उपचार होऊ शकणारा आजार आहे. टेलि-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तोवर बँकेचा व्यवहार मुलामुलींपैकी कुणीतरी, आजोबांच्या संमतीने, सांभाळावा.