फॉर्ममध्ये नसलेला रकाना

आमच्या कार्यालयात नवी बाई आली की तिचा एक फॉर्म भरला जातो. नाव, गाव, वय, माहेर कुठले, लग्न कधी झाले, मुले किती, नवरा पितो का, मारतो का. 'मुले किती' या रकान्यात शून्य पडले की खाली आणखी चार ओळी आहेत. लग्नाला किती वर्षे झाली, कोणत्या तपासण्या केल्या, डॉक्टर काय म्हणाले, उपचार चालू आहेत का. सगळे प्रश्न तिच्याविषयीचे. हा फॉर्म मीच केलेला आहे. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मुलाखत कशी घ्यायची याचे धडे गिरवलेली मी, आणि त्यात नवऱ्याच्या तब्येतीसाठी एकही ओळ ठेवली नाही हे ध्यानात यायला मला सात वर्षे लागली. ते ध्यानात आणून दिले सेनगाव तालुक्यातल्या एका बाईने. त्यात माझ्या हातून एक चूकही झाली. ती लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते आहे.

तिचे वय सत्तावीस, लग्नाला सहा वर्षे झालेली. सासू तिला माहेरी धाडायला निघाली होती, लेकासाठी दुसरी पाहणे सुरू होते. तिने कापडी पिशवीतून फाईल काढली. सोनोग्राफीचे सात-आठ कागद, रक्ताच्या तपासण्या, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहण्यासाठी काढलेला फोटो. दोनदा गर्भाशयाची पिशवी धुऊन झाली होती. नांदेडच्या खेपा झाल्या होत्या, औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलून झाला होता, सोळा सोमवार झाले होते. त्या सगळ्या कागदांत तिच्यात काही उणे असल्याचे कुठेही लिहिलेले नव्हते.

"आणि त्यांची तपासणी?" मी विचारले.

"त्यायला काय धाड भरलीय, ताई? धडधाकट हायेत." मग जरा थांबून म्हणाली, "टेन्शनच्या गोळ्या चालू हायेत तेवढ्या. त्या खाऊन गप पडून राहतेत."

दोन वर्षांपासून या गोळ्या चालू होत्या. सोयाबीन काढणीला आलेले असताना पावसाने गेले, सोसायटीचे कर्ज थकले, वर खाजगी सावकाराचे. त्याची झोप उडाली, जेवण तुटले, माणसांत बसणे बंद झाले. भावाने डॉक्टरकडे नेले ते बरे केले. गोळ्यांनी तो सावरला, पुन्हा शेतात जाऊ लागला. पण घरात दुसरेच सुरू झाले. मान खाली घालून ती म्हणाली, "जवळच येत नाहीत. आले तरी होत नाही. म्या कोणाला सांगू?" तिच्या पिशवी धुण्यातली एक खेप याच दोन वर्षांतली. मूल होण्यासाठी नवराबायकोचा संबंध यावा लागतो एवढी साधी गोष्टही कोणी तिला विचारली नव्हती. पोर होण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नवरा कोणती औषधे घेतो ते विचारले नाही, आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला मूल हवे आहे का ते विचारले नाही. मीही तिच्या पहिल्या भेटीत विचारले नव्हते.

नैराश्यावरच्या औषधांचा आणि पुरुषाच्या बीजाचा काही संबंध असतो का? असतो, पण तो सरळसोट नाही, आणि इथेच आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवे. आज सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या गोळ्या एसएसआरआय नावाच्या गटातल्या आहेत. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटीन ही त्यांची नावे. मेंदूतल्या सेरोटोनिन या द्रव्यावर त्या काम करतात. इच्छा मंदावणे, वीर्य बाहेर पडायला फार उशीर लागणे किंवा न पडणे हे त्यांचे सर्वांत नेहमीचे त्रास. हे बायकांनाही होतात, इच्छा त्यांचीही मंदावते, पण त्यांना ते विचारतो कोण.

दुसरी गोष्ट खुद्द शुक्रजंतूंची. २०१० साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ३५ निरोगी पुरुषांना पाच आठवडे पॅरॉक्सेटीन देऊन पाहिले. शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल साध्या तपासणीत पहिल्यासारखीच दिसली. पण त्यांच्या आतला आनुवंशिक धागा, डीएनए, तुटलेल्या शुक्रजंतूंचे सरासरी प्रमाण १३.८ टक्क्यांवरून ३०.३ टक्क्यांवर गेले. औषध थांबल्यावर ते पुन्हा खाली आले. औषधामुळे शुक्रजंतूंचा बाहेर येण्याचा प्रवास मंदावतो, ते वाटेत रेंगाळतात आणि त्यात खराब होतात, असा त्या संशोधकांचा तर्क होता. या गटातल्या दुसऱ्या काही औषधांनी संख्या आणि हालचाल कमी झाल्याचेही लहान लहान अभ्यासांत आढळले आहे.

पण ३५ माणसे म्हणजे आमच्या एका वाडीवरचे पुरुष. शिवाय ते निरोगी होते, त्यांना नैराश्य नव्हते. धागा तुटलेल्या शुक्रजंतूंचे प्रमाण वाढले म्हणजे मूल होणारच नाही असेही नाही, गोळ्या चालू असताना बाप झालेले पुरुष पुष्कळ आहेत. आणि खुद्द नैराश्याचे काय? २०१८ साली अमेरिकेतच, मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांत पुरुषाला तीव्र नैराश्य होते त्या जोडप्यांना मूल होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे गोळी नको म्हणून आजार तसाच ठेवला तर पाळणा हलेल असे समजणे चूकच. त्यात गुटखा, तंबाखू, दारू, अंडकोशाच्या फुगलेल्या शिरा, मोठेपणी झालेली गालफुगी, तोंडाला फडके न बांधता केलेली फवारणी, हे सारे आपापल्या परीने बीजावर परिणाम करतात. एकट्या गोळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही.

माझी चूक इथेच झाली. हे सगळे मला तेव्हा ठाऊक नव्हते. थोडेसे कुठेतरी वाचले होते. त्या बाईची बाजू मिळाली याचा मला इतका आनंद झाला की मी तिला सांगून बसले, "अगं, दोष तुझ्यात नाहीच, त्या गोळ्यांनी बीज बिघडतं." तिने त्याच रात्री घरी सांगितले. सासूने लेकाला सांगितले, लेकाने गोळ्यांची पाकिटे गोठ्यात फेकून दिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला घेरी येऊ लागली, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होई, झोप गेली, चिडचिड वाढली. दहाव्या दिवशी पहाटे तिचा फोन आला. तो रात्रभर शेतात जाऊन बसला होता आणि घरी येऊन म्हणाला होता, माझं आता काही खरं नाही.

आम्ही त्याला त्याच्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दोन आठवडे घरच्यांनी त्याला एकटे सोडले नाही. डॉक्टर मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पण ते खरे होते. ही औषधे एकदम तोडायची नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची किंवा बदलायची असतात. एकदम तोडली की शरीर बिथरते, आणि दबलेला आजार उसळून वर येतो. मराठवाड्यात राहून, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या घरांत दहा वर्षे जाऊन मला हे कळायला नको होते का? आपल्याच भागासाठी शासनाने २०१५ मध्ये मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा जिल्हे घेऊन 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताईंनी घरोघरी जाऊन, झोप येते का, जीव नकोसा वाटतो का, हे विचारावे असे त्यात होते. इतक्या कष्टाने जो माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचतो, त्याची गोळी आपल्या एका वाक्याने तुटावी हे भयंकर आहे.

आता मला जे वाटते ते स्पष्ट लिहिते. काही मैत्रिणींना ते आवडणार नाही. 'दोष पुरुषातही असतो' हे वाक्य आपण शिबिरांत टाळ्या घेण्यासाठी वापरतो. ते खरे आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईच्या कारणाबरोबर असते. पण ते वाक्य ज्या आवाजात आपण म्हणतो, त्यात वांझपणाचा शिक्का तिच्या कपाळावरून उचलून त्याच्या कपाळावर मारल्याचे समाधान असते. कर्जाने आधीच खचलेल्या माणसाला घरात, गावात 'त्याच्यातच काही नाही' म्हणून हिणवले तर तो काय करेल? आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर पांढऱ्या पायाची कोणाला म्हणतील? तिलाच.

दुसरे टोकही मला मान्य नाही. त्याचा आजार नाजूक आहे म्हणून बोलू नका, तोवर तिने तपासण्या करून घ्याव्यात, असेही काहीजणी सुचवतात. का म्हणून? वीर्याची तपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि काहीही न टोचता होणारी तपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. हा कागद हातात येईपर्यंत बाईची पिशवी धुऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तो तयार होत नसेल तर तिनेही थांबावे, आणि आपण तिच्या पाठीशी उभे राहावे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, पण आपणच तो कमी वापरतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून टोमणे मारणे, अपमान करणे ही हिंसा म्हणून स्पष्ट लिहिली आहे. मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. आणि पहिली असताना दुसरी करणे हा गुन्हा आहे, आज भारतीय न्याय संहितेचे कलम ८२, पूर्वीचे ४९४. तिच्या सासूला मी यातले दोन मुद्दे ऐकवले तेव्हा दुसरी पाहणे तूर्त थांबले. त्यात कायद्याचा धाक किती आणि लेकाच्या जिवाची भीती किती, ते मला सांगता येणार नाही.

त्याने तपासणी करून घेतली. दोन महिने लागले राजी व्हायला. माझ्यामुळे नाही, आमच्या संस्थेच्या गाडीवरच्या चालकदादांनी त्याच्याशी बांधावर बसून बोलणे केले म्हणून. संख्या बरी होती, हालचाल कमी. डॉक्टरांनी हळूहळू गोळी बदलून, संबंधात कमी अडथळा आणणारी दुसरी दिली. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले. तंबाखू निम्म्यावर आली आहे असे तो म्हणतो, ती म्हणते निम्म्यावर नाही. दिवस अजून गेलेले नाहीत. शेजारच्या घरी डोहाळजेवण झाले तेव्हा तिला बोलावणे नव्हते.

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये काढले, 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून चालवले. त्याला शंभर वर्षे होत आली, आणि आमच्या महिला मेळाव्यात 'वीर्य' हा शब्द उच्चारला तर पहिल्या रांगेतल्या सरपंचबाई पदर तोंडाला लावतात. मीही इतकी वर्षे 'नवऱ्याची तपासणी' असे गोलमोल म्हणत होते.

आमच्या फॉर्ममध्ये आता दोन ओळी वाढल्या आहेत. 'नवऱ्याची तपासणी झाली का, केव्हा' आणि 'नवऱ्याला कोणती औषधे चालू आहेत, किती दिवस'. त्याखाली कार्यकर्तीसाठी बारीक अक्षरात सूचना छापली आहे: गोळी बंद करा असे कोणालाही सांगू नये, डॉक्टरांकडे जोडीने पाठवावे, आणि २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांनाही लिहून द्यावा. दोघांनाही हे मुद्दाम. बाईच्या झोपेचे आम्ही अजून नीट विचारत नाही, त्यासाठी जागा उरली नव्हती, पान वाढवावे लागेल. इतर संघटनांच्या फॉर्ममध्ये या बाबतीत काय आहे ते कळवले तर बरे होईल. नमुना पाठवला तर आणखी बरे.