अतिथि आणि तिथि

परदेश पाहून आलेल्या माणसास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो किल्ल्यांविषयीं वा सरोवरांविषयीं नसतो. "राहण्याजेवणाची सोय कशी झाली?" हेंच सर्वांस जाणून घ्यावयाचें असतें, आणि तें योग्यही आहे. देशाची रीतभात जितकी पाहुणचारांत दिसते तितकी इमारतींत दिसत नाहीं. म्हणून या महिन्यांत स्कॉटलंडमधील एका लहान गांवच्या हॉटेलाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गांवाचें नांव पिटलॉक्री. पर्थशायरच्या डोंगरांत, टमेल नदीच्या कांठीं तें वसलें आहे. १८६३ सालीं तेथें आगगाडी पोंचली आणि हवापालटास येणाऱ्या पाहुण्यांवर गांवाचा संसार चालूं लागला. तेथील कित्येक जुन्या दगडी घरांचीं आतां हॉटेलें झालीं आहेत. अशाच एका दहाबारा खोल्यांच्या हॉटेलांत आम्ही चार रात्री राहिलों. यजमान सामान वर नेत व हिशेब ठेवीत, स्वयंपाक यजमानीणबाईंचा. मदतीस एक मुलगी सकाळपुरती येई.

खोलींत विजेची किटली, चहाचें सामान आणि शॉर्टब्रेड नांवाचीं लोण्यांतलीं खुसखुशीत बिस्किटें मांडलेलीं होतीं. अवेळीं चहा हवा झाला तर कोणास उठवावयास नको. हात धुण्याच्या बेसिनला गरम व गार पाण्याच्या तोट्या मात्र वेगवेगळ्या. एकीखालीं हात पोळतो, दुसरीखालीं गारठतो. जून महिन्यांत रात्रीं दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळें जाड पडदे ओढल्यावांचून मुलें झोंपत नाहींत.

न्याहारीस प्रथम ओटची पेज येते. जुन्या वळणाचे स्कॉच लोक तींत साखरेऐवजीं मीठ घालतात, हें आपल्या कोंकणच्या वाचकांस आवडावें. पुढील ताट मात्र सांभाळून घ्यावें. 'काळें पुडिंग' म्हणजे रक्त व ओट यांचा पदार्थ. हॅगिसांत मेंढीचें काळीज व फुप्फुसें असतात. १९८४ पासून डाळी, भाज्या व ओट यांचें शाकाहारी हॅगिसही मिळूं लागलें आहे. भाजीच्या सूपांतही हाडांचा अर्क असूं शकतो, तेव्हां शाकाहारी मंडळींनीं खोली ठरवितांनाच तसें कळवावें. आम्हीं कळविलें होतें, आणि चारही दिवस बाईंनीं न विसरतां वेगळी कढई वापरली.

वेळेचा नेम मात्र कडक. गांवांत १९५१ पासून नाट्यमहोत्सव चालत आला आहे, त्यामुळें नाटकास जाणाऱ्यांसाठीं सायंकाळीं सहालाच पानें मांडलीं जात. आठाच्या ठोक्याला चूल बंद. एके रात्रीं एक कुटुंब पावणेनवाला आलें. बाईंनीं हंसतमुखानें त्यांचें स्वागत केलें, परंतु स्वयंपाकघर उघडलें नाहीं. यजमानांनीं पाव, चीज व फळें आणून ठेविलीं, आणि बाई शेगडीपाशीं पुस्तक घेऊन बसल्या.

आमच्या आत्याबाईंस हें मुळींच रुचलें नाहीं. "दारीं आलेल्याला ऊन घास नाहीं, हा कसला पाहुणचार?" असें त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाई प्रत्येक टेबलाशीं येऊन, रात्रीं थंडी वाजली काय, आज कोठें जाणार, अशी निवांत चौकशी करीत होत्या. आत्याबाई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या घरीं पाहुणे असतांना मी अशी उभी राहून कोणाशीं बोललें असेन, असें आठवत नाहीं."

ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि, अशी फोड आपण अभिमानानें सांगतों. तो अभिमान सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. हॉटेल पैसे घेऊन चालतें, घर आपुलकीनें चालतें, हा भेद आम्ही जाणतों. परंतु रात्रीं दहाला आलेल्या अतिथीसाठीं पुन्हां चूल कोण पेटवितें? आग्रह करणारे पंगतींत बसलेले असतात, आणि पोळ्या लाटणारीचें पान सर्वांमागून मांडलें जातें. स्वयंपाकघराची एक वेळ घरांतील सर्वांनीं मिळून ठरवावी. त्यानंतर येणाऱ्यास झांकून ठेविलेलें अन्न घरांतील पुरुषानें प्रेमानें वाढावें. अतिथि उपाशी राहणार नाहीं, आणि घरच्या लक्ष्मीसही त्याच्याशीं दोन शब्द बोलावयास सवड मिळेल.