जहाजावरचा ‘स्वीट’ आणि आमच्या दोन विहिणी

“मॅडम, तुम्ही क्रूझवर स्वीट घेतला होता म्हणे. कसा असतो हो?” परवा स्टाफरूममध्ये कॉमर्सच्या सरांनी विचारले. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षे होतात आणि दोघांना जहाजातून फिरवून आणायचे त्यांच्या मनात आहे. मी सांगायला लागले आणि तासाची घंटा झाली. अर्धे राहिलेले उत्तर या आठवड्याच्या सदरात पुरे करते. आपल्या बेळगावातूनही हल्ली बरीच मंडळी सिंगापूरच्या सहलीला जोडून क्रूझ करतात, तेव्हा आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

आधी आमची मंडळी सांगते. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो, गोकाकजवळच्या. पंचाहत्तरी झाली तरी घटप्रभेपेक्षा मोठे पाणी त्यांनी पाहिले नव्हते. माझी आई मूळची वेंगुर्ल्याची, अव्वांपेक्षा वर्षाने मोठी. दोघींचेही गुडघे दुखरे. अव्वा कानडीत सुरुवात करतात, आई मराठीत उत्तर देते, आणि वाक्य संपेपर्यंत भाषा बदललेल्या असतात. २०२४ च्या नोव्हेंबरात माझा पुण्याचा दादा आणि बेंगळूरचे माझे दीर या दोघांनी परस्पर ठरवले, की दोघी विहिणींना एक स्वीट घ्यायचा, पैसे निम्मे निम्मे. सिंगापूरहून निघायचे, पेनांग आणि फुकेत करून चार रात्रींनी परत सिंगापूरला. दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी यांना बाल्कनीची खोली; आम्ही दोघे आणि आमची दोन मुले बिनखिडकीच्या आतल्या खोलीत, वरच्या भिंतीतून खाली ओढायच्या बर्थवर मुले. राणी चन्नम्मातल्यासारखेच, फक्त एसी जास्त!

एजंटने फोनवर “स्वीट, स्वीट” असे चारदा म्हटले तेव्हा अव्वांनी विचारले, “जहाजावरचं स्वीट कशाला? आपण इथूनच कुंदा नेऊ की.” मुले स्पेलिंग बघून त्याला सूट म्हणत होती. उच्चार स्वीटच, पण गोड किती, ते पुढे सांगते.

खरे तर स्वीट म्हणजे एकीला एक लागून असलेल्या खोल्या. जहाजांच्या धंद्यात हा शब्द फार सैल झाला आहे. ‘मिनी स्वीट’ किंवा ‘ज्युनियर स्वीट’ म्हणजे बहुतेक वेळा एकच जरा मोठी खोली, कोपऱ्यात सोफा, मध्ये फार तर एक पडदा. आणि कित्येक कंपन्या ज्युनियरवाल्यांना स्वीटच्या सगळ्या सवलती देत नाहीत. निजायची खोली आणि बसायची खोली यांच्यामध्ये दार आहे का, हे विचारावे. साधी आतली खोली दीडशे-एकशेऐंशी चौरस फुटांची असते. स्वीटचे चौरस फूट किती आणि त्यात बाल्कनी धरली आहे का, हेही विचारावे. आपण फ्लॅट घेताना कार्पेट एरिया विचारतोच ना?

दुसरी गोष्ट भावाची. जाहिरातीतला आकडा हा माणशी असतो आणि एका खोलीत दोघे धरून असतो. एकटेच राहायचे तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. त्यावर बंदराचे कर वेगळे. टीप नावाची रक्कम माणशी, दर दिवशी, आपोआप खात्याला लागते आणि स्वीटला ती साध्या खोलीपेक्षा जास्त असते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापतात. रिटर्न भरताना तो धरून घेता येतो, पण आधी हातातून जातोच. आम्हाला दोघींचा स्वीट आमच्या चौघांच्या खोलीपेक्षाही बराच महाग पडला. अर्थशास्त्र शिकवणारी असल्यामुळे मला ‘टायटॅनिक’ आठवली. १९१२ साली त्या जहाजावर स्वतःचा खासगी फिरायचा डेक असलेले दोनच स्वीट होते. त्यातल्या एकासाठी शार्लट कार्डेझा या बाईंनी ५१२ पौंड मोजले होते. तिसऱ्या वर्गाचे तिकीट सात-आठ पौंडांना मिळत होते. त्या मानाने आमचे दीर स्वस्तात सुटले, असे मी ह्यांना म्हटले. ह्यांना ते फारसे आवडले नाही.

जागा कुठली, याकडे आम्ही लक्षच दिले नाही, ते द्यायला हवे होते. जहाज सर्वांत कमी हलते ते मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर. महागड्या खोल्या मात्र बहुधा वर असतात, काही तर अगदी पुढच्या टोकाला, जिथे झोका जास्त बसतो. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीने वेढलेली, त्यामुळे आम्हाला त्रास झाला नाही. उघड्या समुद्रात जाणाऱ्यांनी आणि उलट्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा. डेकचा नकाशा मागून घ्यावा आणि आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे ते बघावे. आमच्या स्वीटवर पोहण्याच्या तलावाचा डेक होता. पहाटे पाचला तिथल्या खुर्च्या ओढण्याचा खरखराट सुरू व्हायचा. अव्वा त्याच वेळी लिंगपूजेला उठतात म्हणून निभावले. (उदबत्ती, निरांजन जहाजावर पेटवू देत नाहीत, पाणी तापवायची कॉईलही चालत नाही. विभूतीला कुणी हरकत घेतली नाही.)

आणखी एक. एजंटला सांगितले नाही तर स्वीटमध्ये एकच मोठा पलंग मिळतो. तो बहुतेक जहाजांवर दोन वेगळ्या पलंगांत मांडून देतात, मात्र आधी कळवावे लागते. आम्ही कळवले नव्हते. दोघी विहिणी पहिल्या रात्री त्या अवाढव्य पलंगाच्या दोन कडांना, मध्ये चार उशा ठेवून झोपल्या. दुसऱ्या दिवशी खोलीच्या पोराने दहा मिनिटांत पलंग वेगळे केले.

आता सवलती. सिंगापूरच्या बंदरावर स्वीटवाल्यांची रांग वेगळी होती आणि हा फायदा मी मोकळ्या मनाने कबूल करते. दोघींना उभे राहावे लागले नाही, सामान परस्पर खोलीत पोचले. बाल्कनीही प्रशस्त, दोन आरामखुर्च्या मावतील अशी. आपत्कालीन कवायतीची हजेरी मात्र सगळ्यांनाच द्यावी लागते. तेवढ्या बाबतीत स्वीट आणि साधी खोली एकच.

रात्री जेवायला निघालो तेव्हा खरी गंमत झाली. स्वीटवाल्यांचे रेस्टॉरंट वेगळे होते. आम्ही नऊ जण दारात गेलो. तिथल्या मुलीने फार अदबीने सांगितले, की कार्डे दोनच आहेत, दोघींनी आत यावे. काही कंपन्यांनी तर हा प्रकार आणखी पुढे नेला आहे; एमएससीचा ‘यॉट क्लब’ किंवा नॉर्वेजियनचा ‘हेवन’ म्हणजे जहाजातले वेगळे जहाजच. तलाव वेगळा, लाउंज वेगळा, दार कार्डाशिवाय उघडत नाही. ज्यांना निवांतपणा हवा त्यांच्यासाठी ते ठीकच. पण एका कुटुंबातली माणसे वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर कोण कुठे जाऊ शकेल, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे. आम्ही ते विचारले नव्हते.

त्या रात्री दोघी आत जेवल्या. अव्वांना कांदा-लसूण चालतो, अंडे चालत नाही, हे समजावता समजावता अर्धा तास गेला. परत आल्यावर आई म्हणाली, “आमच्या बोटीवर पण असंच होतं गो.” लहानपणी ती वेंगुर्ल्याहून मुंबईला कोकण बोटीने जायची. डेकवर वळकट्या पसरून, कुणाच्या तरी फणसाच्या शेजारी. वरच्या वर्गाचा जिना वेगळा होता. दहाएक वर्षांची असताना ती एकदा तो चढून गेली आणि कुणीतरी तिला दंडाला धरून खाली आणून सोडले. “आता मी वर, आणि पोरं खाली,” एवढे म्हणून ती झोपायला गेली. दुसऱ्या दिवसापासून दोघी आमच्याबरोबर बुफेत. तिथे डाळ-भात मिळत होता आणि नातवंडे होती. दीर एकदा म्हणाले, “वैनी, पैसे भरलेलं जेवण वाया जातंय.” बुडीत खर्चाचा धडा मी दरवर्षी शिकवते, तो दिरांना जहाजावर समजावण्यात अर्थ नव्हता.

आता सांगायला जड जाते ते सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींच्या खोलीत गेले होते. न्हाणीघर बघून जाऊबाईंची मुलगी “वॉव” म्हणाली होती तेच ते: संगमरवरी कट्टा, मोठा आरसा आणि पांढराशुभ्र बाथटब. टब कोरडा होता. टॉवेल जसेच्या तसे घडी केलेले. मी सहज विचारले तेव्हा दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. टबाची कड गुडघ्याइतकी उंच. शॉवर टबातच. पहिल्या दिवशी आईने एक पाय वर टाकून पाहिला, दुसरा उचलेना. अव्वांनी मागून धरले म्हणून ती पडली नाही. त्यानंतर दोन दिवस दोघी वॉशबेसिनपाशी उभ्या राहून, हातरुमाल भिजवून अंग पुसून घेत होत्या. बादली नाही, तांब्या नाही. अव्वांची पूजा अंघोळीशिवाय होत नाही. त्यांनी ती तशीच केली होती.

“अव्वा, याक हेळ्लिल्ल?” मी विचारले.

“इष्टु रोक्का कोट्टीरि…” एवढेच त्या म्हणाल्या. आईने मान खाली घातली. पोरांनी इतके पैसे भरलेत, त्यांना वाईट वाटेल, म्हणून दोघींनी ठरवून तोंड बंद ठेवले होते.

मी दोघींना आमच्या खोलीत खाली आणले. आमच्या एवढ्याशा न्हाणीघरात टब नव्हता. एका कोपऱ्यात शॉवर, पडदा, चार बोटांचा उंबरठा आणि भिंतीला धरायची दांडी. खोलीच्या पोराने कुठून तरी प्लास्टिकचे स्टूल आणून दिले. आधी आई, मग अव्वा, प्रत्येकी वीस वीस मिनिटे. मी बाहेर पलंगावर बसून पाण्याचा आवाज ऐकत होते आणि चार महिने आधी कंपनीचे रंगीत माहितीपत्रक बघून आपण काय काय विचारले होते ते आठवत होते. फ्रिज आहे का, वायफाय आहे का, कॉफीचे यंत्र आहे का. बहुतेक मोठ्या जहाजांवर टब नसलेल्या, चाकाची खुर्ची आत नेता येईल अशा खोल्या असतात, काही स्वीटसुद्धा तसे असतात. त्या थोड्या असतात आणि लवकर जातात, म्हणून बुकिंगच्या पहिल्याच फोनला मागाव्या लागतात. टब-शॉवरच असेल तर स्टूल आणि दांडीची सोय आधी विचारता येते. एजंट आपण होऊन हे सांगत नाही, कारण त्याला गुडघे दिसत नसतात. मला दिसत होते.

पेनांगला जहाज धक्क्याला लागले होते, तिथे चढउतार सोपी होती. फुकेतला मात्र जहाज समुद्रातच नांगर टाकून उभे राहिले आणि किनाऱ्यावर न्यायला लहान बोटी आल्या. स्वीटवाल्यांना पहिल्या बोटीत जागा होती आणि एका माणसाला बरोबर घ्यायची परवानगी मिळाली, म्हणून मी गेले. बोट लाटेवर हलत होती, दोन खलाशी दोन्ही हात पुढे करून उभे. अव्वा कचरल्या. आईने खाली पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. “अगो, हा तर पडाव!” वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे, पडावातून जाऊन बोटीवर चढायचे. साठपासष्ट वर्षांनी तिचा पाय बरोबर त्या क्षणी उचलला, लाट वर आली तेव्हा. “बीगती, लाट वर येऊ दे, मग पाय टाका,” ती अव्वांना म्हणाली, आणि खलाशांच्या आधाराने अव्वा उतरल्या. दोन दिवस जी बाथटबात पाय टाकू शकली नव्हती तिने समुद्रात दुसरीला उतरवले. पडावात बसल्यावर अव्वा म्हणाल्या, “भाळ चलो ऐति.” संबंध सफरीत त्यांनी हे कशालाही म्हटले नव्हते.

शेवटची रात्र दोघींनी बाल्कनीतच काढली. आम्ही सगळे त्यांच्या बसायच्या खोलीत गोळा झालो होतो. नऊ माणसे एकत्र बसू शकतील अशी आमच्या तिन्ही खोल्यांपैकी ती एकच जागा, आणि तिथे कुणी कार्ड विचारले नाही. आईने बोटीवरच्या गोष्टी सांगितल्या, सीलबंद पाकिटातून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निघाली. स्वीटचे पैसे कशात वसूल झाले असे दिरांनी विचारले तर मी त्या सोफ्याकडे बोट दाखवीन.

पुढच्या तासाला कॉमर्सच्या सरांनी एजंटला फोन लावला आणि सरळ माझ्या हातात दिला. मी विचारले, टबाची कड किती इंच आहे? पलीकडून उत्तर आले, “बघून सांगतो, मॅडम.” अजून त्याचा फोन आलेला नाही. सरांना म्हटले, तोवर पैसे भरू नका.